इंजिन बदलते, डबे तेच राहतात: इथरनेटची पन्नास वर्षे

मुंबईहून नाशिककडे निघालेली लांब पल्ल्याची गाडी कसाऱ्याला थांबते आणि तिच्या शेपटीला मागून आणखी इंजिने येऊन लागतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. पुढे थळ घाटाची चढण आहे. दर ३७ फुटांना एक फूट चढ म्हणजे रेल्वेच्या हिशेबात भिंतच, आणि एकट्या इंजिनाला ती झेपत नाही. घाट चढून गाडी इगतपुरीला आली की बँकर सुटतात. १८६५ साली सुरू झालेल्या या मार्गावर एक नियम अढळ आहे: रुळाच्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. त्यासाठी सिग्नल आहेत, केबिन आहेत, स्टेशनमास्तर आहेत आणि कोणाच्या परवानगीने कोण पुढे सरकेल याची काटेकोर उतरंड आहे.

आता स्थानकातून बाहेर पडून गावातल्या एखाद्या शाळेच्या संगणक कक्षात डोकावू. पंचवीस संगणक, एक प्रिंटर आणि कोपऱ्यात हिरवे दिवे लुकलुकणारी एक छोटी पेटी. प्रत्येक संगणकातून निघालेली निळी किंवा करडी तार त्या पेटीत शिरते. मुले एकाच क्षणी आपापली बटणे दाबतात, पंचवीस निरोप एकाच वेळी निघतात आणि सगळे नीट पोहोचतात. सिग्नल नाही, केबिन नाही, ‘आता तू जा’ असे सांगणारा कोणी नाही. मग हे निरोप एकमेकांवर आदळत कसे नाहीत?

एका इमारतीतले किंवा एका आवारातले संगणक जोडणाऱ्या अशा जाळ्याला लॅन म्हणतात आणि जगातली बहुतेक तारांची लॅन ज्या पद्धतीने चालतात तिचे नाव इथरनेट. आज त्या पेटीत निरोप आदळत नाहीत हे खरे. पण या पद्धतीच्या पहिल्या वीसेक वर्षांत ते सर्रास आदळत होते. आदळू द्यायचे असे ठरवूनच ती आखली होती. शिस्तीच्या जिवावर चालणाऱ्या घाटाच्या पायथ्याशी उभे राहून पाहिले तर हे बेजबाबदार वाटेल. ते तसे का नव्हते, आणि पुढे धडका बंद झाल्यावरही ही पद्धत का टिकली, हे समजून घेण्यासारखे आहे.

ऐकून न घेता बोलणारी बेटे

सुरुवात हवाई बेटांवर होते. तेथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने १९७१ साली अलोहानेट नावाचे जाळे सुरू केले. वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रे रेडिओवरून होनोलुलूच्या मुख्य संगणकाशी बोलत. सगळ्यांना बोलायला लहर एकच. अब्रॅमसन यांनी पाळ्या लावल्याच नाहीत. ज्याला बोलायचे आहे त्याने बोलावे. पोच आली तर उत्तम. नाही आली तर आपला निरोप दुसऱ्या कोणाच्या निरोपात मिसळून खराब झाला असे समजावे, थोडा वेळ थांबावे आणि पुन्हा बोलावे. ‘थोडा वेळ’ मात्र प्रत्येकाचा वेगळा, चिठ्ठी उचलल्यासारखा. नाही तर दोघे पुन्हा एकदमच बोलतील.

यात साधेपणा होता, पण उधळपट्टीही होती. गणिताने दिसत होते की अशा बेधडक बोलण्यात लहरीच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८ टक्के भागच कामी येतो. बाकीचा वेळ एक तर शांततेत जातो किंवा गोंधळात.

हे काम कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो येथे, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ या तरुणाने बारकाईने अभ्यासले होते. त्या केंद्रात त्या काळी अद्भुत वाटावी अशी गोष्ट घडत होती: ‘आल्टो’ नावाचा संगणक प्रत्येकाच्या टेबलावर ठेवायचा होता आणि सगळ्यांनी मिळून एक लेझर प्रिंटर वापरायचा होता. २२ मे १९७३ रोजी मेटकाफ यांनी एक टिपण लिहून या यंत्रांना जोडण्याची रीत सुचवली आणि तिला ‘इथरनेट’ असे नाव दिले. प्रकाश ज्यातून प्रवास करतो असे एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानत, ते सर्वत्र भरलेले अदृश्य माध्यम म्हणजे ईथर. ते नसल्याचे पुढे सिद्ध झाले. नाव मात्र या तारेला मिळाले. डेव्हिड बॉग्ज यांनी मेटकाफ यांच्यासोबत हे जाळे प्रत्यक्ष उभारले आणि त्याचा वेग होता सेकंदाला सुमारे २९ लाख बिट.

अलोहात मेटकाफ यांनी दोन सुधारणा केल्या. पहिली: बोलण्याआधी ऐका. तारेवर कोणी बोलत असेल तर थांबा. दुसरी: बोलतानाही ऐकत राहा. आपण सोडलेल्या लहरीपेक्षा तारेवर काही वेगळेच ऐकू येत असेल तर कोणी तरी त्याच क्षणी सुरुवात केली आहे. अशा वेळी उरलेले वाक्य पुरे करू नका, ताबडतोब गप्प व्हा. ओसरीवर जमलेल्या मंडळींच्या गप्पा अशाच चालतात. अध्यक्ष नसतो, पाळीची यादी नसते. दोघे एकदम बोलू लागले तर दोघेही थांबतात, क्षणभराने एक जण सुरू करतो आणि दुसरा ऐकतो.

दरीपलीकडचा आवाज

येथे एक शंका यायला हवी. सगळे जण आधी ऐकत असतील तर धडक होतेच कशी? उत्तर प्रवासाच्या वेळात आहे आणि इगतपुरीच्या परिसरातल्या दऱ्या ते समजावायला उपयोगी पडतात. दरीच्या दोन काठांवर, एकमेकांपासून एक किलोमीटर अंतरावर दोन माणसे उभी आहेत असे समजू. ध्वनीला हे अंतर कापायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. अलीकडच्याने कानोसा घेतला, शांतता होती, म्हणून हाक मारली. दोन सेकंदांनी पलीकडच्यानेही कानोसा घेतला. पहिली हाक अजून त्याच्यापर्यंत आलेली नाही, म्हणून त्याला शांतताच ऐकू आली आणि त्यानेही हाक मारली. दोघेही नियमाने वागले, तरी हाका दरीत एकमेकींत मिसळल्या.

आणखी एक अडचण आहे. अलीकडच्याची हाक अर्ध्या सेकंदाचीच असेल तर पलीकडचा आवाज त्याच्या कानी येईपर्यंत त्याचे बोलणे कधीच संपलेले असेल. आपली हाक बिघडली हे त्याला कळणारच नाही. धडक झाल्याचे बोलणाऱ्याला नक्की कळावे असे वाटत असेल, तर हाक किमान जाऊन येण्याच्या वेळेइतकी, म्हणजे सहा सेकंद, लांब हवी. इथरनेटमधल्या एका विचित्र वाटणाऱ्या नियमाचे मूळ हेच आहे: कोणताही निरोप ६४ बाइटपेक्षा लहान असता कामा नये. सांगायचे थोडे असेल तर रिकामी जागा शून्यांनी भरून काढायची. सेकंदाला एक कोटी बिट या वेगाने ६४ बाइट पाठवायला ५१.२ मायक्रोसेकंद लागतात आणि जाळ्याचे एक टोक ते दुसरे टोक ते परत हा सगळ्यांत वाईट फेराही तेवढ्या वेळात पुरा व्हावा अशा बेताने तारेची लांबी बांधली होती.

धडक झाल्यावर काय? दोघेही थांबतात आणि मनातल्या मनात एक आकडा उचलतात: ० किंवा १. शून्य आला तर लगेच, एक आला तर ५१.२ मायक्रोसेकंदांनी पुन्हा प्रयत्न. दोघांनी तोच आकडा उचलण्याची शक्यता निम्मी. पुन्हा धडकले तर आता ० ते ३ मधला आकडा. शक्यता एक चतुर्थांश. पुढे ० ते ७. शक्यता एक अष्टमांश. सलग तिन्ही वेळा दोघे अडकण्याची शक्यता ६४ मध्ये एक. गर्दी जितकी जास्त, तितके प्रत्येक जण आपणहून मागे सरतो. गर्दी किती आहे हे कोणी सांगितलेले नसते. किती वेळा आदळलो यावरूनच प्रत्येकाने ते ओळखलेले असते. मेटकाफ यांच्या कल्पनेतला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हा आहे. सोळा प्रयत्नांनंतरही जमले नाही तर यंत्र नाद सोडते आणि वरच्या पातळीवरच्या कार्यक्रमाला तसे कळवते.

आता धडकेची किंमत मोजू. या वेगावर सर्वांत मोठा निरोप, म्हणजे १५१८ बाइट, पाठवायला सुमारे १२१४ मायक्रोसेकंद लागतात. धडकेत वाया जातात ते फार तर ५१ मायक्रोसेकंद, म्हणजे साधारण चोविसावा भाग. घाटात दोन गाड्या आदळल्या तर माणसे दगावतात. म्हणून तेथे शिस्तीवर कितीही खर्च झाला तरी तो योग्यच ठरतो. तारेवर दोन निरोप आदळले तर सेकंदाचा वीस हजारावा भाग जातो आणि निरोप पुन्हा पाठवता येतो. जेथे धडक इतकी स्वस्त आहे तेथे ती टाळण्यासाठी उभारलेली यंत्रणाच महाग पडते.

टोकन हाती असेल तोच

या विधानावर त्या काळी मोठा आक्षेप होता आणि आक्षेप घेणारे सामान्य नव्हते. रेल्वेच्या एकेरी मार्गांवर पिढ्यान्‌पिढ्या टोकनची पद्धत चालत आली आहे. स्टेशनातल्या यंत्रातून धातूचा एक गोळा निघतो. तो वेताच्या कड्याला लावलेल्या पिशवीतून चालकाच्या हाती दिला जातो. गोळा हाती नसेल तर गाडी पुढच्या टप्प्यात जात नाही. एक गोळा बाहेर असताना दुसरा निघतच नाही, म्हणून समोरासमोर दोन गाड्या येण्याचा प्रश्नच उरत नाही. आयबीएमने १९८५ साली बाजारात आणलेल्या टोकन रिंग या जाळ्यात नेमके हेच तत्त्व होते. संगणक एका वर्तुळात जोडलेले; त्यात एक छोटा निरोप, म्हणजे टोकन, सतत फिरत असतो. ज्याला बोलायचे आहे त्याने तो पकडावा, आपला निरोप सोडावा आणि मग टोकन पुढे द्यावे. धडक अशक्य. आपली पाळी जास्तीत जास्त किती वेळात येईल याची खात्री. इथरनेटमध्ये अशी खात्री मुळीच नव्हती. नशीब वाईट असेल तर एखादा संगणक बराच काळ ताटकळू शकत होता.

हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच्या जोडीला आणखी एक आकडा फिरत असे: इथरनेट आपल्या क्षमतेच्या जेमतेम ३७ टक्के भार झेलते, त्यापुढे कोसळते. हा आकडा मात्र चुकीच्या जागी लावलेला होता. सगळे निरोप लहानात लहान असतील आणि बोलणारे अगणित असतील अशा टोकाच्या परिस्थितीचे ते गणित होते. १९८८ साली बॉग्ज, जेफ्री मोगल आणि ख्रिस केंट यांनी प्रत्यक्ष तारेवर मोजमापे घेऊन दाखवले की निरोप मोठे असतील तर भरगच्च गर्दीतही तार जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालते. ऑफिसातला भार तर भरगच्चही नसतो. कोणी पत्र छापायला पाठवतो, कोणी फाइल उघडतो, मग बराच वेळ तार रिकामी राहते. अशा ठिकाणी टोकनला प्रत्येक दारावरून फिरवत ठेवणे म्हणजे पाहुणा नसताना पंगत वाढत राहणे.

टोकनला आणखी एक खर्च होता. गोळा हरवला तर? ज्या संगणकाकडे टोकन आहे तोच कोणी बंद केला तर? म्हणून वर्तुळातल्या एका यंत्राने पहारा करायचा, टोकन हरवले की नवे काढायचे आणि पहारेकरीच गेला तर दुसऱ्याने ती जागा घ्यायची. हे सगळे प्रत्येक यंत्राच्या कार्डात बसवावे लागे आणि कार्डे महाग होत. इथरनेटच्या कार्डाला ऐकणे, बोलणे, थांबणे आणि आकडा उचलणे एवढेच यायला हवे होते. शिवाय डीईसी, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १९८० साली सेकंदाला एक कोटी बिट वेगाच्या इथरनेटचा सगळा आराखडा उघड प्रसिद्ध केला आणि आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने १९८३ साली ८०२.३ या क्रमांकाने त्याला मानक म्हणून मान्यता दिली. आराखडा सर्वांसाठी खुला असल्याने कोणीही कार्ड बनवू लागला, किमती उतरत गेल्या आणि टोकन रिंग मागे पडली.

चौकट: पाकिटावर काय लिहिलेले असते?

*इथरनेटवर निरोप सुटा जात नाही, पाकिटात जातो. त्या पाकिटाला फ्रेम म्हणतात. पहिले ६ बाइट म्हणजे कोणाला पोहोचवायचे त्याचा पत्ता. पुढचे ६ बाइट म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता. मग २ बाइट: आत कोणत्या प्रकारचा मजकूर आहे याची खूण. त्यानंतर मजकूर, ४६ ते १५०० बाइट. शेवटी ४ बाइटची गोळाबेरीज. पोहोचल्यावर ती पुन्हा करून पाहायची, जुळली नाही तर पाकीट फेकून द्यायचे. पत्ता ४८ बिटांचा असतो, म्हणजे २८० लाख कोटींहून अधिक वेगवेगळे पत्ते शक्य आहेत. यंत्र बनवतानाच तो त्याला दिला जातो.*

पिवळ्या तारेपासून ‘कल्पना’पर्यंत

सुरुवातीची तार अंगठ्याएवढी जाड, बहुधा पिवळी आणि वळवायला हट्टी होती. एका सलग तुकड्याची मर्यादा ५०० मीटर. तेवढ्या अंतरात लहर क्षीण होते. त्यापुढे न्यायचे असेल तर मध्ये रिपीटर बसवत, म्हणजे थकलेली लहर ऐकून तीच पुन्हा ताज्या जोमाने पुढे पाठवणारे यंत्र. कसाऱ्याच्या बँकरचे काम काहीसे असेच आहे: गाडीतला माल तो बदलत नाही, फक्त चढावर बळ देतो. पुढे बारीक आणि स्वस्त तार आली, मर्यादा १८५ मीटर. या दोन्ही प्रकारांत सगळे संगणक एकाच तारेवर ओळीने टांगलेले. एका ठिकाणी जोड निखळला की सगळी ओळ बंद, आणि दोष शोधायला टेबलाखाली शिरून एकेक जोड तपासायचा.

१९९० साली मंजूर झालेल्या मानकाने यातून सुटका केली. आता प्रत्येक संगणकापासून एक स्वतंत्र तार मधल्या पेटीकडे, आणि तीही टेलिफोनच्या तारेसारखी, पीळ दिलेल्या जोड्यांची. पीळ शोभेसाठी नसतो. बाहेरून येणारा विद्युत गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच बसतो आणि पलीकडचे यंत्र दोन्हींतला फरक तेवढा पाहते. सारखा गोंगाट वजाबाकीत नाहीसा होतो. लांबीची मर्यादा १०० मीटर. मधली पेटी, तिला हब म्हणत, तशी मठ्ठ होती. एका तोंडातून आलेले पाकीट ती बाकीच्या सगळ्या तोंडांतून ओरडून सांगे. त्यामुळे दिसायला तारा वेगळ्या, पण ओसरी एकच.

खरा बदल त्याच वर्षी दुसरीकडे झाला. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकाने लॅरी ब्लेअर यांच्यासह कॅलिफोर्नियात एक कंपनी काढली होती आणि तिला पत्नीचे नाव दिले होते: कल्पना. या कंपनीने सात तोंडांचा पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. १९९४ साली सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. जाळ्यांच्या इतिहासातल्या इतक्या निर्णायक यंत्रावर आपल्या घराघरांतले एक नाव होते, ही गोष्ट आपल्याकडे जितकी माहीत असायला हवी तितकी नाही.

स्विच म्हणजे विचार करणारी पेटी. ती पाकीट सगळ्यांकडे फेकत नाही. पत्ता वाचून नेमक्या तोंडातूनच बाहेर सोडते. पण कोणता पत्ता कोणत्या तोंडाला आहे हे तिला कोण सांगते? कोणीही नाही. गावात नवा पोस्टमन आला आहे आणि त्याला एकही घर माहीत नाही असे समजा. पहिले पत्र तो प्रत्येक आळीत फिरवतो. पण त्याच वेळी एक गोष्ट टिपून ठेवतो: ज्या आळीतल्या पेटीत ते पत्र पडले, तिथेच पाठवणारा राहत असणार. दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या नावाचे पत्र आले तर ते सरळ त्या आळीत जाते. स्विच प्रत्येक पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता असाच टिपतो आणि काही क्षणांत सारे गाव त्याला पाठ होते. या भोळेपणात एक धोका मात्र आहे. एकाच तारेची दोन्ही टोके चुकून पेट्यांमध्ये अशी जोडली की वर्तुळ तयार झाले, तर सर्वांसाठीचे पाकीट गोल गोल फिरत राहते, वाढत जाते आणि जाळे गुदमरते. अशी वर्तुळे ओळखून जास्तीची वाट मिटून ठेवण्याची रीत रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली डीईसीत शोधली आणि आजही तिचे सुधारलेले रूप वापरात आहे.

स्विचला प्रत्येक संगणकाशी स्वतंत्र तार मिळाली आणि त्या तारेत जाण्याच्या व येण्याच्या जोड्याही वेगळ्या. जुना कसारा घाट आणि नवा कसारा घाट अशी जाणाऱ्या-येणाऱ्या वाहनांची विभागणी झाली की समोरासमोर येण्याचा प्रसंगच संपतो, तसे हे झाले. धडक अशक्य झाली. पुढच्या वेगांचा प्रवास मग झपाट्याने झाला: १९९५ साली सेकंदाला १० कोटी बिट, १९९८ साली काचतंतूवर आणि १९९९ साली तांब्यावर १०० कोटी, २००२ साली १,००० कोटी, २०१० साली १०,००० कोटी, २०१७ साली ४०,००० कोटी, २०२४ साली ८०,००० कोटी.

इगतपुरीला इंजिन बदलायचे

येथे एक नवा आणि अधिक टोकदार आक्षेप उभा राहतो. इथरनेटचे वैशिष्ट्य काय होते? सामायिक तार, ऐकून बोलणे, धडक, आकडा उचलून थांबणे. आजच्या संगणक कक्षात यातले काहीच होत नाही. तार सामायिक नाही, लहरी वेगळ्या प्रकारच्या, काही ठिकाणी तांब्याऐवजी काच, विजेऐवजी प्रकाश. मग १९७३ सालच्या टिपणाशी याचे नाते नावापुरतेच नाही का?

याचे उत्तर इगतपुरीच्या स्थानकावर सापडते. मुंबईहून इगतपुरीपर्यंतची रेल्वे दीर्घकाळ १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर चालत होती आणि इगतपुरीपासून भुसावळच्या बाजूला २५ हजार व्होल्टची एसी वीज होती. एका विजेवरचे इंजिन दुसरीवर चालत नाही. म्हणून कितीतरी वर्षे येथे गाडी थांबे, डीसी इंजिन सुटे, एसी इंजिन लागे. पुढे दोन्ही विजांवर चालणारी इंजिने आली, मग घाटातली आणि मुंबईपर्यंतची तारही टप्प्याटप्प्याने बदलली आणि २०१५ साली मुख्य मार्गावरून डीसी संपली. या सगळ्या काळात डब्यातल्या प्रवाशाला काय करावे लागले? काहीच नाही. त्याला गाडीतून उतरावे लागले नाही, तिकीट बदलावे लागले नाही. डबा, त्याचा जोड आणि रुळांमधले अंतर तेच राहिले, म्हणून पुढचे इंजिन कोणतेही चालले.

इथरनेटचे डबे म्हणजे ती चौकटीतली फ्रेम. १९८० साली तिचा जो आकार ठरला तो मुख्यतः आजही तसाच आहे. जाड पिवळी तार गेली, हब गेले, धडकांची सारी व्यवस्था गेली. पण दोन पत्ते, एक खूण, मजकूर आणि गोळाबेरीज हे पाकीट तसेच राहिले. त्यामुळे ऑफिसला सारे काही एका रात्रीत फेकून नवे घ्यावे लागले नाही. नवा स्विच जुन्या कार्डाशी जोडला की दोघे आधी आपापले वेग सांगतात आणि दोघांना झेपेल असा सर्वांत मोठा वेग ठरवतात. माझ्या मते इथरनेटच्या विजयाचे खरे कारण येथे आहे. स्वस्त धडकेने त्याला पहिल्या वीस वर्षांची आघाडी दिली. पुढची तीस वर्षे त्याला पाकिटाने जगवले. मेटकाफ यांना २०२२ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले ते शोधाबरोबरच मानकीकरण आणि प्रसार यांसाठीही, हे येथे ध्यानात घ्यावे.

शिस्त परत आली

टोकनच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र काळाने पुन्हा वर आणला. कारखान्यात यंत्रमानवाचा हात ठरलेल्या क्षणीच थांबायला हवा; मोटारीत ब्रेकची सूचना ‘बहुधा वेळेवर’ पोहोचून भागत नाही. इगतपुरीजवळ महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे. अशा कोणत्याही उत्पादनाच्या ओळीवर उशीर म्हणजे नुसती गैरसोय नसते. त्यामुळे इथरनेटमध्ये आता वेळेची शिस्त आणणारी मानके आली आहेत: सगळ्या यंत्रांची घड्याळे अतिशय बारकाईने जुळवायची आणि महत्त्वाच्या पाकिटांसाठी ठरावीक क्षण राखून ठेवायचे. २०१९ साली मंजूर झालेल्या एका मानकात तर तारेच्या एकाच जोडीवर अनेक उपकरणे टांगण्याची जुनी रीत परत आली आहे, पण या वेळी क्रमाने पाळी देऊन. मोटारीतली वायरिंग हलकी व्हावी हा त्यामागचा एक उद्देश.

म्हणजे टोकनवाले बरोबर होते का? जेथे उशीर घातक आहे तेथे, होय. पण ही शिस्त सगळ्यांवर सक्तीने लादलेली नाही. जेथे गरज तेथे ती त्याच पाकिटाभोवती चढवली जाते, आणि शाळेतल्या प्रिंटरला तिचा भार उचलावा लागत नाही.

वायफाय आले तरी

आता घरोघरी वायफाय आहे, मग तारेची एवढी चर्चा कशाला, असेही कोणी विचारेल. वायफाय हा हवेतला सामायिक मार्ग आहे. म्हणजे मेटकाफ यांची ओसरी तेथे अजून भरते. फरक एवढा की रेडिओवर स्वतःच्या आवाजाच्या कल्लोळात दुसऱ्याचा क्षीण आवाज ऐकू येत नाही, म्हणून बोलतानाच धडक ओळखता येत नाही. वायफाय त्यामुळे आधीच थोडे थांबून धडक टाळू पाहते आणि प्रत्येक निरोपाची पोच मागते. घरात माणसे आणि मोबाइल वाढले की ते मंदावते ते याच कारणाने. यंत्रांचे पत्ते तेथेही तेच ४८ बिटांचे. आणि भिंतीवरचा तो वायफायचा डबा स्वतः बहुधा एका इथरनेटच्या तारेवरच जगत असतो. कॅमेऱ्यांचेही तसेच, २००३ पासून त्याच तारेतून वीजही देता येते, वेगळा प्लग लागत नाही.

म्हणून ज्यांच्या हाती शाळा, ग्रामपंचायत, पतसंस्था किंवा छोट्या दवाखान्याचे वायरिंग आहे त्यांना एक विनंती. पेटी पाच-सात वर्षांनी बदलता येते. भिंतीतली तार वीस वर्षे तशीच राहते. २०१६ साली आलेले सेकंदाला २५० कोटी बिट वेगाचे मानक तर मुद्दाम जुन्या इमारतींत आधीच बसवलेल्या तारांवर चालावे असे आखले गेले. ज्यांनी चांगली तार घातली होती त्यांना नवा वेग केवळ पेटी बदलून मिळाला. तेव्हा तार शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्तात मिळते, पण ती लवकर तुटते आणि वीज वाहताना अधिक तापते. एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. आणि इगतपुरीसारख्या धो धो पावसाच्या, विजा कडाडणाऱ्या गावात एका इमारतीतून दुसरीत जाताना तांबे नेऊ नका, काचतंतू टाका. आकाशातल्या विजेचा धक्का काचेतून वाहत नाही.